पेशींच्या पुरचुंड्या

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधीची गोष्ट. सकाळी उठले, तर बोटं वळेचनात. कणीक तिंबायला परातीत हात घातला आणि कळ थेट मनगटापर्यंत गेली. हातातल्या बांगड्या घट्ट रुतल्या होत्या. म्हटलं, थंडी पडलीय, होईल बरं. नऊच्या सुमारास हात सैल झाला आणि मी विसरूनही गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजचंच झालं.

आपण बायका स्वतःचं दुखणं किती सहज उद्यावर ढकलतो, नाही? मी तब्बल पाच महिने ढकललं. सासूबाईंनी निर्गुडीच्या पाल्याचा शेक दिला, सुंठीचा काढा दिला. "बाळंतपणातलं वारं गं, दुसरं काय!" हे त्यांचं निदान. शेकानं तेवढ्यापुरतं बरं वाटे. पण एके दिवशी शाळेत फळ्यावर लिहिताना हातातून खडू गळून पडला. वाकून उचलायला गेले, तर तो चिमटीत येईना. वर्गात मुली हसल्या. त्या संध्याकाळी यांना म्हटलं, "आता मात्र डॉक्टरांकडे चला."

रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, हा म्हातारपणी सांधे झिजतात तो संधिवात नव्हे. हा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच घरच्या माणसाला चोर समजून त्याच्यावर धावून जातात. पुरुषांपेक्षा बायकांत हा दोन-तीन पटींनी अधिक. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "गुण यायला दीड ते तीन महिने लागतील. धीर धरा."

धीर धरा म्हणणं सोपं असतं हो! सातवा आठवडा उलटला तरी सकाळी दुधाच्या पिशवीचा कोपरा कापता येत नव्हता. अशात भावजी एक पत्रक घेऊन आले. कुठल्याशा दवाखान्यात 'एक्झोसोम'ची इंजेक्शनं मिळतात, सांधे नव्यासारखे होतात, असं त्यात छापलेलं. खर्चाचा आकडा वाचून यांचा चेहरा उतरला. सासूबाई काही न बोलता आत गेल्या, डबीतून आपल्या सोन्याच्या पाटल्या काढून आणल्या आणि माझ्यापुढं ठेवल्या. म्हणाल्या, "हातच चालेना, तर हे घालायचं कशात?"

मला रडूच कोसळलं.

सुट्टीला वन्संची लेक आली होती. पुण्यात जीवशास्त्राचं एम.एस्सी. करते. पत्रक वाचून म्हणाली, "मामी, पाटल्या मोडायच्या आधी हे एक्झोसोम म्हणजे काय ते तर समजून घे!" आणि ओट्याशी बसून तिनं मला जे सांगितलं, ते मी माझ्या भाषेत सांगते.

आपण शेजारी काही पाठवायचं तर पुरचुंडी बांधतो ना? तशीच आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी आपल्याच पदराचा तुकडा फाडून त्यात काहीबाही बांधते आणि बाहेर सोडते. कुणात प्रथिनं, कुणात निरोपाच्या चिठ्ठ्या. शास्त्रज्ञ त्यांना एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल्स म्हणतात, आणि त्यांतल्या अगदी लहानांना एक्झोसोम. पुष्कळशा इतक्या बारीक, की एका मिलिमीटरमध्ये १० हजार ओळीनं मावतील.

आधी हा केरच वाटला होता. १९६७ साली पीटर वुल्फ यांना रक्त गोठवणाऱ्या बिंबिकांपासून, म्हणजे प्लेटलेट्सपासून, सुटलेले कण दिसले. त्यांनी नाव दिलं 'प्लेटलेटची धूळ'! १९८३ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉन्स्टोन या बाईंनी मेंढीच्या कोवळ्या रक्तपेशी पाहिल्या. त्या मोठ्या होताना नको असलेलं सामान अशाच पुरचुंड्यांत बांधून बाहेर टाकत होत्या. म्हणजे दिवाळीपूर्वीची साफसफाईच! 'एक्झोसोम' हे नाव बाईंनीच १९८७ मध्ये रूढ केलं. पुढं कळलं, की हा नुसता केर नाही. दुसरी पेशी ती पुरचुंडी सोडते आणि आतला निरोप वाचून तशी वागते.

आता माझ्या बोटांशी याचा संबंध काय? २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांना माझ्यासारख्या रोग्यांच्या सांध्यातल्या पाण्यात प्लेटलेट्सच्या पुरचुंड्या सापडल्या. झिजेच्या संधिवातात मात्र त्या नव्हत्या. या पुरचुंड्या सांध्याच्या अस्तरातल्या पेशींना चिथावतात आणि सूज वाढवतात. चहाडखोर शेजारीण घरोघर फिरून भांडण पेटवते ना, तसंच.

"मग त्या काढूनच टाकाव्यात," मी म्हटलं. तशी ती हसली. "सगळ्याच चहाडखोर नसतात, मामी. २०१५ मध्ये असं दिसलं, की काही पांढऱ्या पेशींच्या पुरचुंड्या कूर्चेत शिरून सांध्याचं रक्षण करतात. पुरचुंडीत गूळ आहे की तिखट, ते बांधणारीवर. मग हे लोक बाटलीत भरून विकतात, ती कुणाच्या घरची? आत काय बांधलंय? हे या पत्रकात कुठं लिहिलंय?"

खरंच कुठं लिहिलं नव्हतं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अशा एक्झोसोमच्या मालाबद्दल लोकांना जाहीर सावध केलं होतं, हेही तिनं दाखवलं.

पत्रक घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शांतपणे सांगितलं, की या पुरचुंड्यांवरून रोग लवकर ओळखता येईल का, त्यांतून औषध पोचवता येईल का, यावर संशोधन जोरात चालू आहे. पण या रोगावर त्यांचं मान्यता मिळालेलं इंजेक्शन नाही. त्यांनी गोळीची मात्रा थोडी वाढवली. अकराव्या आठवड्यात एका सकाळी बांगडी मनगटावरून सहज सरकली. मी ती दोनदा मागेपुढे करून पाहिली.

पूर्ण बरी झाले असं नाही. पावसाळी सकाळी बोटं अजून आखडतात. पोळ्यांची कणीक हे तिंबून देतात. सुरुवातीला सैल व्हायची, आता जमते.

मैत्रिणींनो, दोन-तीन गोष्टी अनुभवानं सांगते. सकाळी बोटं तासभर आखडून राहत असतील, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजत असतील, तर माझ्यासारखे महिने घालवू नका. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. मी कॅलेंडरवर रविवारांना लाल गोल करून ठेवलेत. मूल हवं असेल तर ते आधीच डॉक्टरांना सांगा, कारण या गोळीवर गर्भ राहता कामा नये. आणि महागड्या इंजेक्शनाचं पत्रक हाती आलं, तर दागिना मोडण्याआधी ते डॉक्टरांपुढं ठेवा.

पाटल्या डबीत परत गेल्या. परवा समोरच्या काकू विचारत होत्या, सुनेला वारं लागलंय का हो? सासूबाई ठसक्यात म्हणाल्या, "वारंबिरं काही नाही. तिच्या पेशी भलत्याच पुरचुंड्या बांधतात. औषध चालू आहे."