टेस्ट ट्यूबमधला ढग

आमच्या मोरीच्या खिडकीत एक टेस्ट ट्यूब असायची. धाकट्या भावाला नेफ्रॉटिक सिंड्रोम होता. रोज सकाळी बाबा त्याची लघवी तीत घेऊन मेणबत्तीवर तापवत. ती नितळ राहिली की वहीत 'निल'. ढगाळली की एक, दोन, तीन अधिकची चिन्हं. डोळ्यांवर सूज चढण्याआधीच तो ढग सांगे, मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिनं पुन्हा गळू लागलीत.

अशा वेळी त्याचं कोलेस्टेरॉल चारशेच्या पुढे जाई. एवढ्याशा पोराचं! आईनं ते स्वतःवर घेतलं. वरणभातावरचं तूप गेलं, साय गेली, सणाची पुरणपोळी कोरडी झाली. आकडा ढिम्म. प्रेडनिसोलोननं लघवी नितळ झाली, की मात्र तो हळूहळू आपसूक उतरे.

तो आकडा का चढतो, याचं उत्तर मला कॉलेजात बायोकेमिस्ट्रीच्या वर्गात मिळालं. तापवलेल्या लघवीत, सूज आलेल्या अंगात आणि बिघडलेल्या मूत्रपिंडात एकच आजार आहे, हे लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्येच मांडलं होतं. मी मात्र यकृतापाशी थबकले. तो ढग मुख्यतः अल्ब्युमिनचा, आणि अल्ब्युमिन घडवतं यकृत. लघवीवाटे ते वाहून जाऊ लागलं, की भरपाईसाठी यकृत कामाचा वेग वाढवतं. त्यासोबत कोलेस्टेरॉल वाहून नेणारी लायपोप्रोटिनंही जास्त तयार होतात. शिवाय पीसीएसके९ हे प्रथिन वाढतं आणि रक्तातलं एलडीएल उचलून घेणारे यकृताच्या पेशींवरचे रिसेप्टर कमी होतात. ट्रायग्लिसराइड फोडणारं लायपोप्रोटीन लायपेजही मंदावतं. चरबी बनते जास्त, हटते कमी.

पुढे लॅबमध्ये नोकरी करताना डायलिसिसवरच्या रुग्णांचे रिपोर्ट हातात आले. तिथलं चित्र निराळं: ट्रायग्लिसराइड वाढलेलं, एचडीएल घटलेलं, एकूण कोलेस्टेरॉल पुष्कळदा बेताचंच. मूत्रपिंडाचं दुखणं चरबीच्या हिशेबात उमटतं, पण प्रत्येक वेळी वेगळ्या अक्षरात.

म्हणून वाटतं, कोलेस्टेरॉल अचानक फार वाढलेलं दिसलं, तर लघवीतलं प्रथिनही तपासावं. आणि अशा मुलाच्या आईला डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावं: हा आकडा तुमच्या हातच्या तुपानं चढलेला नाही. पथ्य तिला पाळायचंच असतं. अपराधाचं ओझं तरी तिच्यावर नको.