समुद्राकडे पाठ

“बाबा, या सुटीत आपण बार्बाडोसला जाऊ या!”

आमच्या चिरंजिवांनी ही मागणी रात्रीच्या जेवणात, ऐन आमटीभाताच्या वेळी पुढे केली. बार्बाडोस हे एखाद्या औषधाचे नाव असावे असा माझ्या आईचा समज झाला. “कुणाला बरं नाहीये?” असे तिने काळजीने विचारलेसुद्धा. मला मात्र या मागणीचा उगम ठाऊक होता. २०२४ सालच्या २९ जूनला त्या बेटावरच्या ब्रिजटाउन शहरात भारताने वीस षटकांच्या सामन्यांचा विश्वचषक जिंकला. त्या रात्री आमचे सारे घर जागे होते. सामना संपला, पण पुढे कित्येक दिवस तिथल्या किनाऱ्याची चित्रे चिरंजिवांच्या डोळ्यांसमोरून हलेनात. निळे पाणी, मऊ वाळू आणि काठावर वाकलेले माड!

“अरे, पाणी, वाळू आणि माड आपल्या घरापासून दीड मैलावर आहेत,” मी म्हटले.

“तो काय समुद्र आहे, बाबा? तो रत्नागिरीचा आहे!”

या उत्तरापुढे मी निरुत्तर झालो. वर्गात साठ-सत्तर मुलांना गप्प बसवणारा प्राध्यापक घरात एका बारा वर्षांच्या मुलापुढे कसा गप्प बसतो, हे ज्यांना मुले आहेत त्यांना सांगायला नको.

आणि खरे सांगायचे, तर त्याचे फारसे चुकलेही नव्हते. समुद्रकाठी राहणाऱ्या माणसाला समुद्र दिसत नाही. पुण्या-कोल्हापूरचे पाहुणे आले म्हणजे आम्ही त्यांना घेऊन निघतो. टिळकांचे जन्मस्थान, थिबा राजाचा राजवाडा, रत्नदुर्ग, किल्ल्याच्या एका अंगाचा पांढरा समुद्र आणि दुसऱ्या अंगाचा काळा समुद्र, हा आमचा ठरलेला क्रम. पाहुणे पाण्यात शिरतात आणि आम्ही काठावर त्यांच्या चपला राखीत उभे राहतो. इतकी वर्षे मी रत्नागिरीत काढली, पण समुद्राशी माझा संबंध आला तो मुख्यतः दुसऱ्यांच्या चपलांचा राखणदार म्हणून!

यंदा मात्र गोष्ट थोडी निराळी होती. आमची कन्या बारावीची परीक्षा देऊन बसली होती. पावसाळ्यात ती शिकायला मुंबईला जाणार, हे जवळजवळ ठरलेले होते. घरातले एक माणूस कमी होणार आहे ही गोष्ट कोणी बोलून दाखवीत नव्हते, पण प्रत्येक जण मनातल्या मनात महिने मोजीत होता. अखेर सौ.नेच निर्णय जाहीर केला. मे महिन्यातला एक शनिवार-रविवार गणपतीपुळ्याला काढायचा, तोही खोली घेऊन.

“पंचवीस किलोमीटरसाठी खोली? रात्री घरी येऊन झोपता येईल की!” मी हिशेबी सूर लावला.

“घरी आलं की मला डाळतांदूळ धुवावे लागतात,” ती म्हणाली. “जिथं माझं स्वयंपाकघर नाही, ते माझं बार्बाडोस!”

ठराव एकमताने मंजूर झाला. अडले ते फक्त आईपाशी. आई पंच्याहत्तरी ओलांडलेली. तिचे सारे आयुष्य समुद्राच्या आवाजात गेले, पण हौसेने ती समुद्रावर गेलेली मला आठवत नाही. गणपतीच्या विसर्जनाला ती वाळू सुरू होते तिथपर्यंत येई आणि आरती झाली की सर्वांच्या आधी परते. “समुद्राच्या वाऱ्यानं माझं डोकं दुखतं,” हे तिचे कारण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. याही वेळी “मी घर सांभाळते” म्हणून ती मोकळी झाली. पण नातीने तिच्या गळ्यात हात टाकून म्हटले, “आजी, पुढच्या वर्षी मी असेन की नाही कुणास ठाऊक. चल ना गं!” आजी काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने आपले लुगडे पिशवीत भरायला घेतले.

शनिवारी पहाटेच निघालो. साखरतरची खाडी ओलांडली, काळबादेवी मागे पडली, आणि आरे-वाऱ्याच्या चढावर गाडी आली तशी खाली एकदम दोन किनारे उघडे झाले. मध्ये डोंगराचे एक नाक आणि त्याच्या दोन बाजूंना दोन लांबच लांब वाळूच्या पट्ट्या. पाण्यावर अजून ऊन आले नव्हते. चिरंजीव बराच वेळ गप्प राहिले. मग अनिच्छेने कबुली द्यावी तसे म्हणाले, “ठीक आहे. थोडंफार तसंच आहे.”

खाली उतरलो. मुले पाण्याकडे धावली. आईसाठी आणलेली घडीची खुर्ची मी सुरूच्या सावलीत उघडून दिली. तिने ती उचलली, फिरवली, आणि समुद्राकडे पाठ करून डोंगराकडे तोंड करून ती स्वस्थ बसली. नाटकगृहात जाऊन पडद्याकडे पाठ करून बसावे तसा तो प्रकार! आम्हांला हसू आले. कन्या ओल्या पायांनी धावत आली.

“आजी, अशी उलटी का बसलीस?”

“वारा लागतो गं तोंडावर.”

“पण आजी, आत्ता वारा डोंगराकडूनच येतोय. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे आणि दुपारनंतर समुद्रावरून येतात ते खारे वारे. पाचवी-सहावीत होतं आम्हांला! तुझ्या तोंडावर आहे तोच खरा वारा.”

भूगोलाने आजीला उघडे पाडले होते. आई क्षणभर गोंधळली. मग “तुमचे वारे तुमच्यापाशी ठेवा,” असे म्हणून तिने पिशवीतून लाडवांचा डबा काढला. लाडू निघाल्यावर भूगोल मागे पडला. माझ्या मनातून मात्र ते गेले नाही. पन्नाशीला आलेल्या मुलाने आईच्या एका साध्या सबबीची कधी शहानिशासुद्धा केली नव्हती.

गणपतीपुळ्याला दर्शन झाले. तिथला सारा डोंगरच गणपती मानलेला, म्हणून प्रदक्षिणा घालायची ती डोंगराला. आईने ती पुरी केली, पण वाट समुद्राच्या अंगाने निघाली तेव्हा पदर डोक्यावरून ओढून ती भराभर पुढे चालली. संध्याकाळी मुले पाण्यात खेळली, तीही गुडघाभर पाण्यापर्यंतच. पुळ्याचा किनारा उतरता आहे. पुढच्या एका पावलात पाणी किती खोल होईल, याचा भरवसा नाही. सौ.ने दोन दिवसांत फक्त एकदा, आणि तेही चुकून, “कुकर लावू का?” असे विचारले.

रात्री मला झोप येईना. खिडकीबाहेर समुद्राची गाज चालू होती. मनात आले, समुद्रावर मौजेखातर जायचे ही कल्पना तरी किती वर्षांची? आमच्या रत्नागिरीतल्याच थिबा राजाचे पाहा. १८८५ साली इंग्रजांनी त्याला ब्रह्मदेशाच्या गादीवरून काढले आणि १८८६ साली इथे आणून ठेवले. १९१६ साली तो इथेच वारला. तीस वर्षे त्याने हाच समुद्र पाहिला. त्याच्या दृष्टीने ही तुरुंगाची भिंत होती. ती नुसती निळी होती, एवढेच. आज त्याच्या राजवाड्याजवळच्या टेकडीवर आपण सूर्यास्त बघायला जातो आणि भेळ खातो. आणि चिरंजिवांचा तो बार्बाडोस? तिथल्या उसाच्या मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून माणसे जहाजांत कोंबून आणीत. जवळच्याच त्रिनिदाद बेटावर हिंदुस्थानी मजुरांचे पहिले जहाज लागले ते १८४५ साली. त्या माणसांनी किनाऱ्यावर पाय ठेवला, तेव्हा वाळू मऊ आहे की कशी, हे त्यांतल्या कोणी पाहिले असेल?

कोकणालाही समुद्र ही वाटच होती. डोंगर आडवे आणि खाड्या उभ्या, अशा या मुलखातून पोट भरायला मुंबईला जायचे, तर ते बोटीने. बोट खोल पाण्यात उभी राही, माणसे पडावात बसून तिच्यापर्यंत जात. पावसाळ्यात बोटी बंद. मग रस्ते झाले, खाड्यांवर पूल झाले, बोटी थांबल्या. १९९८ साली कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळुरापर्यंत सलग धावू लागली. समुद्रावरून जाणारा कोणी उरला नाही, तेव्हा कुठे तो नुसता बघण्यासाठी मोकळा झाला.

रविवारी मालगुंडला केशवसुतांच्या घरी गेलो. १८६६ साली इथे मराठी कवितेचा नवा अवतार जन्मला, इथून माझे व्याख्यान सुरू होताच कुटुंबीय अंगणात पांगले. संध्याकाळी परत निघालो. गाडी गावात शिरली तशी आई एकाएकी म्हणाली, “मला जरा मांडवीवर ने.”

मी आरशातून सौ.कडे पाहिले. तिने मानेनेच ‘चला’ म्हटले.

मांडवीची वाळू काळसर. संध्याकाळी ती अधिकच काळी दिसते. उजव्या हाताला दूर रत्नदुर्गाचे टोक समुद्रात घुसलेले. मुले भेळेच्या गाडीकडे गेली. मी खुर्ची उघडली. आईने ती घेतली, आणि या खेपेला समुद्राकडे तोंड करून मांडली. बसून बराच वेळ झाल्यावर ती बोलू लागली.

“तात्या इथूनच जायचे. माझे वडील. लालबागला गिरणीत होते. मे महिन्यात यायचे आणि पाऊस लागायच्या आत, शेवटच्या बोटीनं परत. आई आणि मी पोचवायला यायचो. ट्रंक, वळकटी, फणसपोळीचं गाठोडं... पडाव सुटला की ते उभे राहून हात करायचे. बोट त्या टोकाआड जाईपर्यंत मी बघत बसायची.”

ती थांबली. मीही बोललो नाही.

“त्या साली मला मुंबईला नेणार होते. राणीच्या बागेतला हत्ती दाखवणार होते. मी नऊ वर्षांची. परकर-पोलकं घडी करून ठेवलं होतं. ऐन वेळी म्हणाले, आता पाऊस येईल, पुढच्या वर्षी नेतो. मी रुसले. इथंच, वाळूत, पाठ करून बसले. आई म्हणाली, अगं बघ, तात्या हात करतायत. मी वळले नाही. भोंगा झाला तरी वळले नाही. श्रावणात तार आली. विषमज्वर झाला होता.”

लाटा येत होत्या आणि जात होत्या. साठाहून अधिक वर्षे ही बाई समुद्राकडे पाठ करून बसली होती, आणि घरातल्या आम्ही सर्वांनी त्याला डोकेदुखी म्हटले होते. काय बोलावे ते मला सुचेना. भाषेचा प्राध्यापक असण्याचा अशा वेळी काडीचाही उपयोग नसतो. मी तिच्या खुर्चीशेजारी वाळूत बसलो. खारा वारा सुटला होता. तो सरळ आमच्या तोंडावर येत होता. तिने पदर ओढून घेतला नाही.

इतक्यात मुले भेळ घेऊन आली. आईने दोन घास खाल्ले आणि “कांदा फार घातलाय” म्हणाली. मग नातीचा हात धरून ती उठली आणि पाण्यापर्यंत गेली. एक लाट तिच्या पावलांवरून गेली. “गार आहे गं!” असे ती म्हणाली, तेव्हा तिचा आवाज मला नऊ वर्षांच्या मुलीसारखा वाटला. तो माझा भासही असेल.

ऑगस्टमध्ये कन्या मुंबईला गेली. पोचवायला स्टेशनवर कोणी कोणी यायचे, याची चर्चा चालली होती, तोवर आई चपला घालून दारात उभी. फलाटावर पाऊस तिरपा येत होता. सौ. डोळे लपवायला सामान मोजीत होती, मी उगाच गाडीचा नंबर पुन्हा पुन्हा वाचीत होतो, आणि चिरंजीव ताईला सांगत होते की, हत्ती बघून ये आणि आजीला फोटो पाठव. गाडी हलली. दारातून कन्येने हात हलवला. आई मात्र ना रडली, ना हलली. शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत ती एकटक बघत राहिली.

परत येताना मी विचारले, “आई, दमलीस का?”

“नाही रे,” ती म्हणाली. “पण या गाडीचं एक वाईट आहे. बघता बघता दिसेनाशी होते. बोट कशी, बराच वेळ दिसायची.”