राजा घाटावरचे पाहुणे

वाचकहो, आपण काशीस जाल तेव्हा राजा घाटावर घटकाभर अवश्य थांबावे. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी हा घाट दगडी व पक्का बांधला. म्हणून त्यास अमृतराव घाट असेही म्हणत.

पौषातील सकाळी धुके विरळ होताच गंगेवर पांढऱ्या पक्ष्यांचे थवे उतरतात. हे कुरव. कोकणच्या खाड्यांत आपण ते पाहिलेही असतील. त्यांतील तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी घरटी करतो. हिवाळ्यात मात्र त्याचे डोके पांढरे असते. कानापाशी तेवढा काळसर ठिपका दिसतो. फाल्गुनात डोके तपकिरी होऊ लागले, की परतीची वेळ आली असे समजावे. पुढे उन्हाळ्यात पाणी ओसरून वाळू उघडी पडते. नदी सुरय अशाच उघड्या वाळूवर अंडी घालतो. श्रावणात ती वाळू आणि घाटाच्या खालच्या पायऱ्या गंगा पोटात घेते.

नावेतून शेव उधळली, की कुरव झेपावतात. दृश्य मोहक खरे. परंतु मासे व किडे खाणाऱ्या या पक्ष्यांस तळलेले, खारट अन्न अपायकारक होय. दूरच्या पाहुण्यास न मानवणारे वाढणे आपल्या रीतीत बसत नाही. हात आवरावा आणि डोळे भरून पाहावे.