ठिपकी

ठिपकी काळीभोर, कानांवर तेवढे पांढरे ठिपके. जात उस्मानाबादी, जिल्हा धाराशिव झाला तरी शेळीचं नाव कुणी बदललं नाही. कळंबच्या बाजारातून पाट म्हणून आणलेली. पहिल्याच वेताला तिनं जुळी दिली आणि आज्जीच्या लेखी ती घरची लेक झाली. बाकी सगळ्यांना धडका द्यायची. आज्जीजवळ बसून तिचा पदर चघळायची.

ती माजावर आली की अख्ख्या गल्लीला कळायचं. सकाळपासून ओरडणं, शेपटी सारखी हलती, बाभळीच्या शेंगा समोर टाकल्या तरी तोंड लावायची नाही. हा सगळा दीड दिवसाचा कारभार. हुकला की पुन्हा वीस-एकवीस दिवस थांबा.

दिवस लहान होऊ लागले की शेळी माजावर येते, असं पुस्तकं सांगतात. अंधारात पिनिअल ग्रंथीतून मेलॅटोनिन पाझरतं. रात्र लांबली की ते जास्त वेळ पाझरतं आणि त्यावरून शरीराला ऋतू कळतो. स्वित्झर्लंडच्या सानेन शेळीबाबत ते खरंच आहे. तिथं सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात सात तासांचा फरक पडतो. आमच्याकडे जेमतेम दोन तासांचा. तेवढ्यावर ठिपकी कसला ऋतू ओळखणार? तिचं पंचांग चाऱ्यावर चालायचं. मृगाचा पाऊस पडून बांध हिरवे झाले, ती महिनाभर पोटभर चरली, की आषाढात माज. पाच महिन्यांनी, मार्गशीर्षात, करडं. तेव्हा तुरीचा पाला हाताशी असतो. उन्हाळ्यात जन्मलेली करडं आज्जीला नकोच असायची. आईला दूध उतरत नाही, म्हणायची.

२०१५ला पावसानं दगा दिला. ठिपकीच्या बरगड्या मोजता येत होत्या. अंगावर काही उरलं नाही की मेंदूतून बीजांडकोशाला जाणारा हुकूमच मंदावतो. त्या साली ती माजावर आलीच नाही. भाकड झाली, विकून टाका, असा सल्ला दारात आयता यायचा. आज्जीचं एकच उत्तर, "पोटालाच न्हाई, तर गाभण कशी ऱ्हाईल?"

२०१६ला पाऊस चांगला झाला. ठिपकी भरली, पण गप्पच. मग आज्जीनं वस्तीवरच्या पाव्हण्यांचा बोकड मागवला. स्वतःच्याच दाढीवर मुतून घेणारा तो गडी. अंगणात बांधला तर घरात जेवण जाईना. "वासानंच जाग येती तिला," आज्जी म्हणाली. दोन-तीन दिवसांत ठिपकीनं शेपूट हलवली. आम्ही सोडायला निघालो तर आज्जीनं हात धरला, "ह्यो माज कच्चा. फुडचा बगू." आठवड्याच्या आतच दुसरा आला आणि त्याला फळवली.

२०१४मध्ये जपानी संशोधकांनी बोकडाच्या केसांतल्या वासातलं एक रसायन शोधलं. ते मादीच्या मेंदूतलं प्रजननाचं केंद्र जागं करतं. आणि अशा जाग आणलेल्या शेळीचं पहिलं बीज सुटलं, तरी त्यामागून गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन बहुधा चार-पाच दिवसांतच आटतं. आज्जीला यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला तिचंच कौतुक जास्त.

डिसेंबरात जुळे बोकड झाले. पुढच्या बकरी ईदला दोन्ही विकून आज्जीनं विहिरीची जळलेली मोटार भरून आणली. ठिपकी तोवर पुन्हा गाभण होती.