मापाची होडी

पाण्यावर काही तरंगताना दिसले, की मुलांची दृष्टी तेथेच खिळून राहते. पावसाळ्यात अंगणातल्या ओहळात कागदाची होडी सोडणारे मूल थोडे मोठे झाले, म्हणजे होडीत स्वतःच बसावे असे त्यास वाटू लागते. पूर्वी ही हौस बहुधा मनातच राही. लाकडी होडी हे कोळ्याचे किंवा नावाड्याचे धन. ती ठेवावयास काठ हवा आणि ओढावयास चार माणसे हवीत. आता मात्र घडी घालून पिशवीत भरता येईल आणि काठावर नेऊन पंपाने फुगवता येईल, अशी छोटी होडी मिळू लागली आहे. तिला हवेची कयाक म्हणतात. घराच्या माळ्यावर ती सहज मावते. परंतु ती पारखण्याचे शहाणपण पिशवीबरोबर मिळत नाही.

कयाक मूळची उत्तरेकडील गोठलेल्या समुद्राची. ग्रीनलंड आणि उत्तर कॅनडा येथील इन्युइट लोक ती बांधीत. त्या उजाड मुलुखात झाडे नाहीत. म्हणून ते समुद्राने वाहून आणलेल्या लाकडांचा व हाडांचा सांगाडा करीत आणि त्यावर सीलचे कातडे चढवीत. ते कातडे स्त्रिया इतक्या कौशल्याने शिवीत, की पाण्याचा थेंबही आत येत नसे. लांबी किती ठेवावी? सुमारे तीन वाव. आणि वाव म्हणजे त्या शिकाऱ्याचे पसरलेले दोन्ही हात. रुंदी किती? त्याची कंबर आणि वर दोन मुठी. अंगरखा जसा अंगावर बेतावा, तशी ती होडी एकाच माणसावर बेतलेली असे.

हवेवर तरंगण्याची युक्तीही जुनीच. फुगवलेल्या कातड्यांवर पोटाशी धरून नदी ओलांडणारी माणसे सुमारे २९०० वर्षांपूर्वीच्या अ‍ॅसिरियन शिल्पांत कोरलेली आहेत. हिमालयातून उतरणाऱ्या सतलजेच्या काठचे लोकही म्हशीची फुगवलेली कातडी घेऊन पैलतीर गाठीत. पुढे रबर लावलेले कापड निघाले आणि १८४० च्या दशकात पीटर हॅल्केट या ब्रिटिश नौदलातील अधिकाऱ्याने मोठी गंमत केली. त्याचा झगा फुगवला की होडी होई. हातातली छत्री शिडाचे काम करी! आजच्या हवेच्या कयाकीत कातड्याची आणि रबरी कापडाची जागा बहुधा प्लास्टिकने घेतली आहे.

अशी कयाक घ्यावयाची म्हटले, की घरातील प्रत्येकजण तिच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहतो. धाकटा रंग पाहतो. ताईला निमुळती, बाणासारखी धावणारी हवी असते. वडील किंमत विचारतात. या गलबल्यात कोपऱ्यात बसलेली आजी हळूच म्हणते, "अरे, पण हिच्यात बसणार कोण, आणि पाणी कोणते?" सगळ्यांत शहाणा प्रश्न तोच होय. शिकाऱ्याचे माप घेऊन होडी बांधली जाई. दुकानातली होडी तर आधीच बांधलेली. तेव्हा माप घेण्याचे काम आता विकत घेणाऱ्यानेच केले पाहिजे.

पहिले माप वजनाचे. किती भार सोसेल, हे होडीवर लिहिलेले असते. त्या आकड्यात माणसे, डबे, पाण्याच्या बाटल्या, सारे धरावयाचे; आणि तरीही थोडी जागा राखावयाची. काठोकाठ भरलेली होडी पाण्यात खोल बसते व वळता वळत नाही. दुसरे माप आकाराचे. रुंद होडी सावकाश चालते, पण सहसा डळमळत नाही. अरुंद होडी वेगाने जाते, पण तोल जाणणाऱ्यालाच ती साथ देते. नवशिक्याला सुमारे ३ मीटर लांब व ९० सेंटिमीटर रुंद होडी पुष्कळ झाली. तिच्या तळाशी, मागच्या बाजूस, माशाच्या परासारखी एक पट्टी असावी. नाही तर प्रत्येक वल्ह्यासरशी नाक डावी-उजवीकडे फिरत राहते.

तिसरी गोष्ट डोळ्यांना चटकन दिसत नाही. चांगल्या होडीत हवेचे कप्पे निरनिराळे असतात: दोन बाजूंस दोन आणि तळाशी एक. एखाद्या काट्याने एक कप्पा फुटला, तरी उरलेले माणसाला काठापर्यंत तारून नेतात. ज्या होडीत सारी हवा एकाच पोटात, ती खेळणे समजावी. कापडही चिमटीत धरून पाहावे. जाड, शिवणीशी मजबूत असावे. हवा सांगितली तेवढीच भरावी. साध्या कयाकीला दर चौरस इंचास सुमारे १ पौंड दाब पुरतो. सायकलच्या चाकाला त्याच्या कितीतरी पट लागतो. उन्हात ठेवल्यास आतली हवा तापून प्रसरण पावते आणि शिवण उसवू शकते. म्हणून थोडी हवा सोडावी. थंड पाण्यात होडी किंचित सैल पडते, तेव्हा पुन्हा थोडी भरावी.

एवढे सारे पाहून घेतलेली होडीसुद्धा एका गोष्टीपुढे दुबळी ठरते. ती गोष्ट म्हणजे वारा. हवेने भरलेली होडी हलकी असते; ती पाण्यात रुतत नाही, पाण्यावर बसते. उन्हाळ्यात दुपारनंतर धरणाच्या जलाशयावर वारा सुटला आणि तो काठाकडून मध्याकडे वाहू लागला, की ती पानासारखी दूर जाते. जाताना वाटते, हात किती जोरकस आहेत! परतताना कळते, की ते बळ वाऱ्याचे होते. म्हणून शहाणा नावाडी आधी वाऱ्याच्या तोंडावर वल्हवतो, म्हणजे थकल्या हातांना परतीची वाट सोपी होते. तो काठ सोडत नाही, मोठ्या माणसावाचून निघत नाही, परवानगी नसेल तेथे आणि पुराच्या पाण्यात उतरत नाही. जीवरक्षक जाकीट तो होडीत ठेवत नाही, अंगात घालतो. पैसे अपुरे पडले, तर होडी पुढच्या वर्षी घ्यावी. जाकीट मात्र पहिल्या दिवशीच हवे.

सहल संपली, की होडी पुसून, सावलीत सुकवून मगच घडी घालावी; ओली ठेवली तर बुरशी धरते. घडी घालताना पंक्चरची चिकटपट्टी जागेवर आहे ना, हेही पाहावे. इन्युइट शिकारी कातड्याची शिवण अशीच न्याहाळीत असे. कारण उद्या त्याच शिवणीच्या भरवशावर त्याला पाण्यात उतरावयाचे असे.