रानाची सुट्टी

सह्याद्रीवर कोसळून उरलेला पाऊस शिरूर-दौंडच्या वाट्याला येतो. सरासरी जेमतेम पाचशे मिलिमीटर. म्हणून आमच्याकडे वर्ष मोजायचं ते नक्षत्रांवर. मृग बरसला तर बाजरी, मटकी, हुलगा. तुकोबांची पालखी यवत-वरवंडच्या मुक्कामाला येईतो पेरा आटोपला असला, तर घरटी एखादा माणूस वारीबरोबर पुढं चालायचा. आटोपला नसला, तर दर्शन घेऊन तसाच रानात.

खरी मदार रब्बीवर. बाकी मुलखाचा पोळा श्रावणात उरकायचा. आमच्याकडे बऱ्याच गावांत तो भाद्रपद अमावास्येला. खरिपाचं काम सरलेलं, रब्बीचं लागायचं, त्या उसंतीत बैलांचे खांदे मळून घ्यायचे. मग हस्ताचा पाऊस काळ्या रानात मुरला की मालदांडी ज्वारी पेरायची. पौषात हुरडा, आणि माळ्यावर उभं राहून पाखरांवर गोफण. माघ-फाल्गुनात काढणी, तीही विळ्यानं नाही. ताटं मुळासकट उपटायची, तळहाताला फोड येईस्तोवर. खळं सारवायचं, मधोमध तिवडा रोवून बैलांची पात फिरवायची. राखणीला रात्री खळ्यावरच झोप. तिथंच सुतार, लोहार, चांभार आपापलं बलुतं न्यायला येत. कडब्याची गंज रचली, नांगरट उरकली, की रान मोकळं आणि माणूसही.

चैत्र म्हणजे गावोगावच्या जत्रा, घाटात बैलगाड्यांच्या शर्यती, रात्री तमाशाची कनात. आज औत ओढणारी जोडी उद्या घाटात पळायची. कवठे येमाईसारख्या गावानं तर तमाशाला कलावंतही दिले. लग्नं याच दिवसांत. घर शाकारणं, दोरखंड वळणं, पारावर दुपार काढणं याच दिवसांत.

या सुट्टीत बायका नव्हत्या. विहिरीनं तळ गाठला की त्यांच्या पाण्याच्या खेपा वाढत, आणि जातं काही चैत्र बघून थांबत नसे. पावसानं दगा दिला तर सुट्टीचाच उपास व्हायचा. १९७२ साली याच मोकळ्या हातांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली. म्हणून त्या दिवसांबद्दल मी नुसतंच हळहळत नाही.

घोड, कुकडी, चासकमान आणि खडकवासल्याच्या कालव्यांनी हे सगळं पालटलं. बांध हिरवे झाले, पोरं शिकली, पत्र्याच्या जागी स्लॅब आला. पण पाण्यामागून ऊस आला, आणि उसाला ऋतू नसतो. जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली ऊस दोन पावसाळे बघूनच तुटतो. तोड कधी मिळणार, हे आभाळ सांगत नाही. कारखान्याची चिठ्ठी आणि मजुरांची टोळी सांगते. दौंडकडची गुऱ्हाळं तर जवळजवळ बारमाही पेटलेली. चैत्रात आता काढणीला आलेला कांदा असतो, त्यामुळे जत्रेला पाहुणे जेवून संध्याकाळीच परततात. औत ट्रॅक्टरनं नेलं. २०१४ ते २०२१ शर्यतींवर बंदी होती, ती उठली. घाट पुन्हा भरतात, पण तिथं पळणाऱ्या कित्येक बैलांच्या मानेवर जू येतं ते फक्त शर्यतीपुरतं.

नक्षत्रांची जागा आता पाळीनं घेतली आहे. कालव्याची पाळी आणि विजेची पाळी. थ्री फेज रात्री असली की बॅटरी आणि काठी घेऊन मोटार चालू करायला जायचं, उसातून दारं धरायची. त्याच उसात बिबट्याची मादी विते. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्यानं माणसं मारली, लहान मुलंही. त्यानंतर बायका गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून रानात जाऊ लागल्या. पूर्वी माणूस रात्री खळ्यावर उघड्यावर झोपायचा; आज शेतावरच्या घराला जाळीचं कुंपण लागतं.

चैत्रातली ती सुट्टी आता परत यायची नाही, आणि पाणी सोडून ती मागणारा शेतकरीही मला भेटलेला नाही. मागणं एवढंच आहे की शेतीला वीज दिवसा द्या. निदान रात्र तरी शेतकऱ्याला झोपायला मिळू द्या.