अंगावरचे रान

ग्वाल्हेरच्या इंदरगंज चौकातून जुन्या हायकोर्टाच्या गल्लीकडे वळताना, जेथे एके काळी अर्जनवीस आणि मुद्रांकविक्रेते आपापल्या लाकडी पेट्या मांडीशी घेऊन बसत असत आणि जेथे न्यायालय सिटी सेंटरला निघून गेल्यावरही झेरॉक्सच्या यंत्रांनी आपली घरघर थांबविलेली नाही, तेथे एका अरुंद दुकानाच्या काचेवरील चित्रांनी परवा माझी पावले अडविली. दुकान गोंदणाचे होते. सिंह, त्रिशूल, महाकाल, आईचे नाव, प्रेयसीच्या नावाचे आद्याक्षर, असा नित्याचा सरंजाम डावीकडे मांडलेला होता आणि त्यात नवल करण्याजोगे काही नव्हते. परंतु उजवीकडे 'नेचर' असा मथळा घालून जी चित्रे लावली होती, त्यांत मनगटाभोवती कड्यासारखी फिरणारी देवदार वृक्षांची रांग, तिच्यामागे हिमाच्छादित शिखर, शिखरावर चंद्रकोर आणि एका कोपऱ्यात होकायंत्र, एवढेच काय ते पुनःपुन्हा दिसत होते.

माझा या त्रिकोणी झाडांवर राग नाही. हिमालयात ती शोभतात आणि नॉर्वेत तर त्यांच्या भाऊबंदांचेच राज्य आहे. परंतु ज्येष्ठातल्या ज्या दुपारी पारा पंचेचाळिसाच्या वर जातो आणि किल्ल्याचा वालुकाश्म अर्धी रात्र उलटली तरी आपली धग सोडीत नाही, त्या दुपारी लष्कर भागातल्या एका तरुणाने आपल्या दंडावर बर्फ कोरून घ्यावे, यात मला काहीसे अनौचित्य वाटते. या शहरात कोणत्याही गच्चीवर चढले तरी जी आकृती डोळ्यांत भरते, ती जवळजवळ तीन किलोमीटर लांबीची, शंभरेक मीटर उंचीची, माथ्यावर सपाट आणि कडेने तुटलेली टेकडी, तिची रेघ मात्र त्या काचेवर कोठेच नव्हती. शिखराला टोक असलेच पाहिजे असा आग्रह धरणाऱ्यांना ग्वाल्हेरात राहून काय मिळाले, हे मला कधीच उमगलेले नाही.

माझी पुतणी के. आर. जी. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकते. तिने घरात जाहीर केले की ती हातावर करधईची डहाळी गोंदवून घेणार. वहिनींचा गोंदण्याला विरोध नव्हता. त्यांच्या स्वतःच्या भुवयांमध्ये हिरवे टिंब आहे. त्यांचा विरोध झाडाला होता.

"भाऊजी, तुम्हीच सांगा तिला. गुलाब काढ, कमळ काढ, मोराचं पीस काढ. करधई म्हणजे सरपण! सरपण कोणी अंगावर काढून घेतं का?"

करधई म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या धावड्याची धाकटी बहीण. शिवपुरीपासून कुनोपर्यंतच्या खडकाळ रानात ती माजलेली आहे. पाने अगदी लहान, फांद्या खाली झुकलेल्या, लाकूड चिवट, आणि थंडीत गळण्यापूर्वी सारे रान तांबूस करून सोडण्याची हौस दांडगी. त्या भागातले लोक सांगतात की पावसाचा थेंब पडण्याची ती वाट पाहत नाही. वाऱ्यात नुसता ओलावा आला की उघड्या काड्यांवर हिरवे फुटू लागते. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाचे चित्ते कुनोत उतरल्यापासून त्या रानाची छायाचित्रे जगभर गेली, पण त्यांत पुढे चित्ता असतो आणि मागची धूसर तपकिरी पार्श्वभूमी म्हणजे करधई, हे कोणी लिहीत नाही.

गोंदणाचा विषय निघाला की मला आत्याची ग्वाल्हेरच्या मेळ्यातली संध्याकाळ आठवते. माधवराव शिंदे महाराजांनी १९०५ मध्ये सुरू केलेला हा मेळा मूळचा गुरांचा. आमच्या लहानपणी त्याचा तो मूळ पिंड अजून शाबूत होता आणि कापडाच्या, भांड्यांच्या, खेळण्यांच्या दुकानांना ओलांडून गेले की शेण, गूळ आणि ओल्या गोणपाटाचा संमिश्र वास सुरू होई. पौषातली थंडी होती. आजी, आत्या आणि मी असे तिघे गेलो होतो. माझ्या हातात माझ्या तोंडाहून मोठा पापड होता आणि तो वाऱ्याने मोडू नये या एकाच चिंतेत मी होतो, म्हणून सुरुवातीचे बोलणे मी ऐकलेच नाही. आत्याचे लग्न ठरले होते, उज्जैनला. सासरी जाण्यापूर्वी अंगावर गोंदण पाहिजे, नाहीतर वर गेल्यावर काय दाखवशील, दागिने इथेच राहतात आणि बरोबर येते ते एवढेच, हे आजीचे मत होते, आणि आजीच्या मताला आमच्या वाड्यात फर्मानाचा दर्जा होता.

गोदनेवाली म्हातारी गुरांच्या बाजाराच्या कडेला, एका चिंचेखाली घोंगडी टाकून बसली होती. तिच्यापुढे ना फलक, ना चित्रांची वही. नमुने हवे असतील तर तिने बाह्या वर सरकवाव्यात, तेथेच सगळी पोथी होती: दोन्ही दंडांवर, मनगटांवर, पोटऱ्यांवर, मानेच्या मागे विंचू, मासोळी, सीतेची रसोई, मोर, पानांच्या वेली आणि कशाची तरी फुले. गिऱ्हाइकाने तिच्या कातडीवर बोट ठेवावयाचे आणि तिने मान हलवावयाची. बोट ठेवून पाहणारी आत्या क्षणभरही विंचवाजवळ थांबली नाही. तिचे बोट सरळ डाव्या कोपराजवळच्या मोरावर गेले आणि तेथेच राहिले.

"तुळस," आजी म्हणाली. "आणि कपाळी टिंब. बाकी काही नको."

आत्याने बोट उचलले. म्हातारीने दोघींच्या तोंडाकडे पाहिले आणि काही न बोलता सुया सोडल्या. तीन की चार सुया दोऱ्याने एकत्र आवळलेल्या, दिव्याची काजळी तेलात आणि कसल्याशा पानाच्या रसात खललेली, शेजारी वाटीत हळद. तिने आत्याचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि टोचता टोचता ती अखंड बोलत राहिली: सासू कशी असेल, जाऊ किती असतील, नवरा काळा की गोरा, उज्जैनात शिप्रेला पाणी असते की नाही. टोचणे आणि बोलणे यांची लय एकच होती आणि आत्याने 'हाय' म्हणावे अशा क्षणी ती नेमकी काहीतरी वाह्यात विचारी, की आत्याला रडण्याऐवजी हसू यावे. ही युक्ती मी पुढे अनेक दंतवैद्यांत शोधली. कोणातही सापडली नाही.

वृंदावन झाले, त्यावर पाने झाली. मग म्हातारीने वृंदावनाच्या पायथ्याशी, उजवीकडे, चार-पाच टिंबे आणि एक वाकडी रेघ काढली. आजी वाकून बघू लागली.

"दिया है, माईजी," म्हातारी म्हणाली.

आजीचे समाधान झाले. तुळशीपुढे दिवा असायचाच. हळद लावून झाली, पैसे दिले गेले आणि आम्ही परतलो. पुढे कित्येक वर्षांनी, आजी गेल्यावर, उज्जैनच्या घराच्या ओसरीवर आत्याने तो हात माझ्यापुढे उलटा धरला. वृंदावन खाली डोके वर पाय झाले आणि पायथ्याची पणती वर आली. तिची ज्योत ही मान होती आणि ती चार-पाच टिंबे हा तुरा. मोर होता. आत्या जेव्हा स्वतःचा हात छातीशी दुमडून त्याकडे बघे तेव्हा तो तिला सरळ दिसे, आणि आजीला मात्र समोरून जन्मभर पणती दिसत राहिली. त्या म्हातारीला एखाद्या कलाशाळेत बसविले असते तर ती बिघडली असती, असे मला वाटते.

काजळी काळी असताना हे गोंदण हिरवे का दिसते, असे मी पुतणीला विचारले. काळे कण त्वचेच्या आतल्या थरात असतात. वरची कातडी प्रकाश विखुरते, त्यात निळा अधिक परततो, असे तिने सांगितले. आणि आणखी एक गोष्ट सांगितली, जिने मी बराच वेळ अस्वस्थ होतो. तो रंग आपल्या रक्षकपेशींनी गिळून ठेवलेला असतो. त्या पेशी मरतात तेव्हा रंग मोकळा होतो आणि त्यांच्या जागी आलेल्या नव्या पेशी तो पुन्हा गिळतात, जसे एका कारकुनाने सेवानिवृत्त होताना दफ्तर दुसऱ्याच्या स्वाधीन करावे. फ्रान्समध्ये मार्सेयच्या संशोधकांनी हे उंदरांवर दाखवून दिले, २०१८ मध्ये. म्हणजे आत्याच्या हातावरचा तो मोर सतत हस्तांतरित होत होता.

पुतणीचे महाविद्यालय ज्यांच्या नावाचे आहे, त्या कमलाराजे या माधवराव महाराजांच्या कन्या. महाराजांची राजनिष्ठा एवढी उत्कट होती की मुलीच्या नावापुढे त्यांनी 'मेरी' लावले आणि १९१६ मध्ये जन्मलेल्या युवराजाच्या नावापुढे 'जॉर्ज'. हेच जॉर्ज जिवाजीराव पुढे मध्य भारताचे राजप्रमुख झाले. आणि ज्या पंचम जॉर्जांचे हे नाव, त्यांच्या दंडावर एक ड्रॅगन गोंदलेला होता! १८८१ मध्ये आरमारी उमेदवार म्हणून ते जपानला गेले होते, तेथे त्यांनी तो काढून घेतला. त्यांचे वडील सातवे एडवर्ड यांनी तर १८६२ मध्येच जेरुसलेममध्ये क्रूस गोंदवून घेतला होता. दरबारात मुजरा करणाऱ्या आमच्या सरदारांना त्या शाही अस्तनीखाली एक सर्प वेटोळे घालून बसला आहे याची कल्पना असती, तर त्यांनी आपापल्या घरच्या स्त्रियांच्या हातांकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहिले असते काय? बहुधा नाही.

भिंड-मोरेनाकडचे पोरगे पहाटे मैदानाला फेऱ्या घालतात, त्यांना या बाबतीत सरदारांहून जास्त कायदा ठाऊक असतो. सैन्यभरतीत कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या पाठीवर असलेले गोंदण चालते, अन्यत्र चालत नाही. आदिवासी जमातींना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. ही सवलत देणारा कोणीतरी शहाणा होता. मंडला-दिंडोरीच्या बैगा स्त्रियांना ती लागू करावयाची झाली तर हातच काय, कपाळ, पाठ, मांड्या, सर्वच प्रदेश सूट मागेल. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ च्या आपल्या ग्रंथात त्यांच्याविषयी विस्ताराने लिहिले आहे. बादी जातीच्या बायका कारळ्याची काजळी घेऊन येतात आणि मुलगी वयाने वाढते तसतसे तिच्या अंगावरचे रान वाढत जाते. त्यात हळदीची गाठ आहे, मोर आहे, चूल आहे; होकायंत्र नाही, कारण बैगा रानात हरवत नाही.

शेवटी पुतणी माझ्याच सोबतीने त्या दुकानात गेली. यंत्र बॅटरीवर चालणारे, लेखणीएवढे. एडिसनच्या विद्युत्‌लेखणीवरून न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली यांनी १८९१ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्राचे हे वंशज. कारागीर हजिरा भागातला, विशीतला मुलगा, हातमोजे घातलेला, सुई पाकिटातून आमच्यासमोर फोडून काढणारा. देवदार तो डोळे मिटून काढील. करधईचे नाव त्याने ऐकले होते, पण जळाऊ लाकडाच्या वखारीत.

"पत्ता कैसा होता है? नीम जैसा?"

पुतणीने वहीतून वाळलेली डहाळी काढली, कागदाला चिकटविलेली, खाली ठिकाण आणि तारीख लिहिलेली. तो मुलगा बराच वेळ ती बघत राहिला. फांदी झुकलेली का, सरळ केली तर हातावर चांगली बसेल, असे त्याने सुचविले. ती म्हणाली, सरळ केली तर ती करधई नव्हे. मग त्याने तीन वेळा कागदावर काढून पाहिले, पाने मोजली, एक पान मुद्दाम किडलेले ठेवले, कारण मूळ डहाळीवर ते किडलेले होते. हे शेवटचे त्याने स्वतःहून केले आणि त्याच क्षणी मी त्याला त्याचे सगळे हिमालय माफ केले. जांभळा ठसा हातावर उमटला, यंत्र गुणगुणू लागले. तो बोलत मात्र काहीच नव्हता; त्याच्या कानांत गाणी होती आणि पुतणीच्याही. मला म्हातारीचे ते वाह्यात प्रश्न हवेसे वाटले, पण ते मी विचारणे प्रशस्त दिसले नसते.

आता तिच्या मैत्रिणीने चंबळेतला घडियाल काढून घ्यायचे ठरविले आहे. कारागिराचा निरोप आला आहे की नाकावरचा घडा दाखवायचा की नाही ते कळवा, म्हणजे तो आकृती करील. घडा फक्त प्रौढ नराला येतो, आणि मैत्रिणीला मादी हवी की नर, याचा निर्णय काल रात्री आमच्या घरी जेवणाच्या पाटावर चालला होता.

"तो घडा असतो कशासाठी?" वहिनींनी विचारले.

"मादीला साद घालायला. आवाज घुमतो त्यात."

"मग नकोच तो. मादी काढ म्हणावं, पाठीवर पिलं घेतलेली."

"अगं आई, पिलं पाठीवर घेऊन नरही राखतो. मोरेनाला देवरीच्या केंद्रात सांगितलं आम्हाला."

वहिनींनी वाढता वाढता हात थांबविला, माझ्या थोरल्या बंधूंकडे एकदा नीट पाहिले आणि म्हणाल्या, "तर मग घड्यासकट काढ."